दाखवायचं घर

मंठ्यात हल्ली गिऱ्हाईक घर बघतं, चहा पितं आणि जातं. आमच्या शेजारचं घर असंच पडून होतं. शेवटी मालकाने ते एका दलालाकडे दिलं.

हा माणूस नवरी सजवावी तसं घर सजवतो. भिंतीवरच्या ओलीवर देवाचं कॅलेंडर लावतो, दारात स्वतःच्या घरची तुळस आणून ठेवतो आणि सकाळीच टँकर मागवून टाकी भरतो. कारण इकडचा माणूस घरात शिरला की आधी नळ सोडून बघतो. नळ धो धो वाहिला की हा हळूच म्हणतो, "पानी बिलकुल बराबर हाय."

मी कंपाउंडवरून ओरडायचो, "त्या कॅलेंडरमागं ओल आहे हो!" गिऱ्हाईक पळायचं. दलाल मात्र मला हसून नमस्कार करायचा.

परवा सकाळी तो आमच्याच दारात जीप घेऊन आला.

"सर, आज गिऱ्हाईक येऊन राह्यलं. तुम्ही काकूंना घेऊन पिंपळगावच्या रेणुकाईच्या दर्शनाला जाऊन या. खर्चा माझा."

"आम्ही कशाला?"

"ओलीवर कॅलेंडर लावता येतं, सर. तुमच्यावर काय लावू?"

मी वळून बघेपर्यंत ही जीपमध्ये जाऊन बसलीसुद्धा होती.