गरम जॉबचं माप

मामांच्या तोंडी पहिला शब्द ‘थांबा’ असायचा. कुपवाडला त्यांचं एका लेथचं वर्कशॉप होतं आणि रविवारी ते आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे ‘वडील’, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, असत; नातं नसलं तरी सगळे त्यांना मामाच म्हणत. आमच्याकडे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. मूल समजतं व्हावं लागतं, त्यानं स्वतः मागावं लागतं. ते समजतं झालं की नाही, याबाबत पाळकसाहेब मामांचंच ऐकत.

उन्हाळी शिबिराहून मुलं भारावून परतली, की आईबाप लगेच बाप्तिस्म्यासाठी नावं द्यायला धावत. लेथवरून नुकत्याच उतरलेल्या लोखंडी तुकड्याकडे बोट करून मामा म्हणत, “गरम जॉबला माप लावू नगा. निवल्यावर कमी भरतोय.” मग दोन महिन्यांनी ते मुलाला वर्कशॉपात स्टुलावर बसवत आणि हातातलं काम चालू ठेवून गप्पा मारत. बायबलमधली वचनं क्वचितच विचारत. “ती पोपटालाबी येत्यात.” आईबापांनी तेवढा वेळ समोरच्या टपरीवर चहा प्यायचा, हा नियम.

माझी एस्तेर तेव्हा दहा वर्षांची होती. रहिमतपूरला माझी आई अंथरुणाला खिळली होती. नातीचा बाप्तिस्मा बघून डोळे मिटू देत, एवढंच तिचं मागणं. मी महिनाभर एस्तेरकडून उत्तरं घोकून घेतली, आणि त्या दिवशी चहाला गेलो नाही. वर्कशॉपच्या दारातच उभा राहिलो.

तिनं सगळं धडाधडा म्हणून दाखवलं. मामांनी लेथ बंद केला. “लय भारी. आता एकच सांग, पोरी. तू नगं म्हणालीस, तर घरात चालंल का?”

एस्तेरनं दाराकडे पाहिलं.

“थांबू या,” मामा मला म्हणाले.

“मामा, माझी आई थांबायची नाही.”

“म्हाईत हाय मला. पर बाप्तिस्मा म्हातारीचा न्हाई, हिचा हाय.”

“तुम्ही तुमचा लेथ सांभाळा,” असं म्हणून मी पोरीचा हात धरला आणि निघालो.

साताऱ्यातल्या एका मंडळीत ओळख काढली. पुढचाच रविवार ठरला. आदल्या संध्याकाळी एस्तेर रडायला लागली. पाण्यात पूर्ण बुडवतात, याची तिला भीती वाटत होती. तेव्हा मी जे बोललो, ते बायको आणि मामा सोडून आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, “तू बाप्तिस्मा घेतलास, तर देव आजीला बरं करील.”

तिनं घेतला. ओल्या केसांनीच रहिमतपूरला जाऊन आजीच्या उशाशी बसली. आई हसली. तीन आठवड्यांनी ती गेली. आजीला माती देऊन परतल्यावर एस्तेरनं मला विचारलं, “बाबा, मी पाण्यात नीट बुडले नव्हते का?”

त्यानंतर ती रविवारच्या उपासनेला देवळात आली नाही. मी मामांकडे जाऊन सगळं सांगितलं आणि शिव्या खायची तयारी ठेवली. त्यांनी चिंधीनं हात पुसले. “माजीबी चूक हाय, गड्या. तू दारात हुतास, तवाच तुला हाकलाय पायजे हुतं.”

पुढे दर शनिवारी एस्तेर त्यांच्या स्टुलावर जाऊन बसायची. कॉलेजसाठी पुण्याला जाईपर्यंत तिनं ते सोडलं नाही. एकदा न राहवून मी विचारलं, “मामा, देवाबिवाचं काही बोलते का?”

“तू चहा पिऊन ये, जा,” ते म्हणाले.

गेल्या महिन्यात मामा गेले. एस्तेर पुण्याहून पहिल्या गाडीनं आली. देवळात गीत सुरू झालं, तरी ती पायरीखालीच उभी होती. मी दारात होतो.

“आत येतेस?” मी विचारलं.

“नको म्हटलं, तर चालेल?”

नऊ वर्षं लागली मला. “चालेल,” मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पायऱ्या उतरलो, तिच्या शेजारून पुढे जाऊन रस्ता ओलांडला आणि देवळासमोरच्या टपरीवर चहा सांगितला. मागे वळून पाहिलं नाही.