अंभोरे सरांचा गुरुवार

बातमी एस.टी.च्या कंडक्टरनं आणली. अकोल्याकडची गाडी माझ्या दुकानासमोर घटकाभर थांबली आणि त्यानं दारातूनच ओरडून सांगितलं, "मिस्तरी, अंभोरे सर गेले. दवाखान्यात, आज पहाटं." गाडी पुढं गेली. माझ्या हातात पिस्टन होता, तो धरून मी तसाच उभा राहिलो... मग पुन्हा घासायला लागलो, कारण वार गुरुवार होता आणि दुपारी शाळेतली पोरं यायची होती. ती आली नाहीत, शाळेला सुट्टी दिली होती. सरांना ते आवडलं नसतं. त्याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत सरांबद्दल जे बोललं गेलं, जे छापून आलं, त्यात एक वाक्य हटकून असतं, की सर फार शांत आणि मनमिळाऊ होते. त्या वाक्यावर चिडून मी हे लिहायला बसलो आहे. सर शांत नव्हते. आमच्या केनवडात त्यांच्याइतका हट्टी आणि भांडखोर माणूस मी पाहिला नाही. मी सातवी पास इंजिन मिस्त्री, लिहिण्याची सवय नाही. संपादकांनी चुका सांभाळून घ्याव्यात, पण शब्द मवाळ करू नयेत.

दुष्काळाचं वर्ष सरलं आणि सर आमच्या हायस्कूलला हेडमास्तर म्हणून आले. आल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी बाजारातली सगळी दुकानं पालथी घातली. सुतार, शिंपी, सायकलवाला, रस्त्यावरची डाळ मिल, आणि मी. सायकल दुकानाच्या खांबाला टेकवून ते थेट म्हणाले, "मिस्तरी, आठवड्यातून एक दुपार माहे चार पोट्टे तुमच्याजवळ बसतीन. त्याईले इंजिन शिकवा." मी हसलो. म्हटलं, "सर, मले काय येते? शाळा तुमची, शिकवणं तुमचं." ते म्हणाले, "शाळंत इंजिनाचं चित्र हाये. इंजिन तुमच्याजवळ हाये." मग त्यांनी प्यायला पाणी मागितलं. आता जे सांगतो ते सांगताना आजही मान खाली जाते. माझ्या माठावर पितळेचा एक गिलास पालथा असायचा आणि मागं भिंतीवर खिळ्याला दुसरा, जर्मनचा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गिलास टांगलेला असायचा. तो कुणासाठी, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. सरांच्या घरच्यांनी छप्पन सालीच दीक्षा घेतली होती, हे आम्हाला ते यायच्या आधीच ठाऊक होतं. मी खिळ्यावरचा गिलास काढला, विसळला, भरून त्यांच्या हातात दिला. सर पाणी प्याले, गिलास स्वतःच खिळ्याला लावला आणि सायकल काढून गेले.

चौथ्या दिवशी ते शाळेच्या कागदावर करार लिहून घेऊन आले. असले कागद आम्ही शेताच्या भानगडीत पाहिलेले, शाळेच्या कामात कधी नाही. सुतार तर घाबरून अंगठा लपवायला लागला. कागदावर डाव्या बाजूला दुकान शाळेला काय देईल ते होतं आणि उजव्या बाजूला शाळा दुकानाला काय देईल ते. उजवी बाजू त्यांनी आधी भरली होती. "मांगायले गेलं का लोक एकदा देतात अन् मंग तोंड चुकवतात," ते म्हणायचे. "देनंघेनं असलं का वर्षानुवर्षं चालते." खाली अटी होत्या. पोरगं झाडू मारणार नाही, चहा आणणार नाही, कामच शिकेल. दुकानदार महिन्यातून एकदा शाळेत येऊन वर्गापुढं उभा राहील. शाळेच्या भिंतीवर कुणाच्या दुकानाची पाटी लागणार नाही. दर सहामाहीला दोघं समोरासमोर बसतील आणि पुढं चालवायचं की थांबवायचं ते ठरवतील. आणि सगळ्यात शेवटी, दुकानात पोरांसाठी उंबरठा एक, माठ एक, गिलास एक. शेवटच्या ओळीशी मी अडखळलो. सरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, खांबाला टेकलेली सायकल पाहत राहिले. मी सही केली. खिळ्यावरचा गिलास मात्र तिथंच राहिला. गिऱ्हाईक काय म्हणेल, असं मी मनाला समजावलं. लबाडी केली, दुसरं काय?

पहिल्याच गुरुवारी मी अट मोडली. सवयीनं एका पोराला म्हटलं, जा रे, हॉटेलातून चार चहा आण. पोरगं किटली घेऊन निघालं आणि समोरून सर आले. त्यांनी त्याच्या हातातली किटली घेतली, स्वतः हॉटेलात गेले आणि चहा आणून पोरांसकट सगळ्यांना वाटला. तालुक्यातला हेडमास्तर भर बाजारातून किटली हलवत चाललेला पाहून शिंप्यानं मशीन थांबवली होती. कप गोळा करून सर म्हणाले, "चहा झाला. आता शिकवा. अन् पुन्हा कवा चहा लागला तर मले बोलवा, मी रिकामाच असतो." त्या दिवसानंतर गुरुवारी मी चहाच सोडला.

कराराच्या उजव्या बाजूला माझ्यासाठी एकच ओळ होती, 'इंजिनाचं पुस्तक मराठीत'. कंपनीचं ते इंग्रजी पुस्तक माझ्याकडं वर्षानुवर्षं फळीवर पडून होतं. त्यातली चित्रं पाहायची, बाकी कानानं आणि अंदाजानं. नववीतली सुजाता नावाची पोरगी ते शाळेत न्यायची, सरांच्या शेजारी डिक्शनरी घेऊन बसायची आणि गुरुवारी एक-एक पान मराठीत आणायची. पोरगी इंजिनावर कशाला, असं मी आधी कुरकुरलो होतो. सर म्हणाले होते, "काहून? इंजिन काय पोरगा पाहून चालू होते?" एका गुरुवारी मी इंजिनाच्या हेडचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, नट आवळत होतो, आणि मागून ती म्हणाली, "काका, तुमी चुकून राह्यले." आजूबाजूला दोन गिऱ्हाइकं उभी. माझा पारा चढला. ती वही उघडून वाचायला लागली, की नट ओळीनं आवळू नयेत, समोरासमोरचे आवळावेत, आणि एका दमात नाही, तीन वेळा फिरून. मी अकरा वर्षं ओळीनं आवळत होतो. अकरा वर्षं त्या झाकणाखालचं गॅस्केट जळत होतं आणि मी कंपनीला शिव्या घालत होतो! त्या संध्याकाळी घरी जेवण गेलं नाही. दुसऱ्या महिन्यात वर्गापुढं उभा राहिलो तेव्हा मी पहिली ही चूकच सांगितली. पोरं हसली नाहीत. सर मागच्या बाकावर बसून लिहून घेत होते.

दुसरं वर्ष लागलं आणि खंडेनवमी आली. डाळ मिलचे मालक भाऊसाहेब, गावातलं मोठं नाव, सहा पोरं त्यांच्याकडं जायची, त्यांत त्या वर्षी सुजाता होती. मिलमध्ये मशीनची पूजा मांडलेली. भाऊसाहेबांनी पोरांना हौसेनं बोलावलं, आणि दारात आल्यावर सुजाताला आणि आणखी दोघांना म्हणाले, "तुमी बाहीर थांबा, परसाद पाठवतो." ज्या मशीनचा पट्टा त्या तिघांनी आदल्या आठवड्यात चढवला होता, त्याच मशीनची पूजा. सुजाता तिथून शाळेत गेली आणि सर शाळेतून मिलवर आले. माझं दुकान समोरच, त्यामुळं पुढचं सगळं मी पाहिलं. सर उंबरठ्यावर उभे राहिले, आत गेले नाहीत. म्हणाले, "भाऊसाहेब, करारात उंबरठा एक लिहिला हाये." भाऊसाहेब म्हणाले, "मास्तर, मशीन माही, पूजा माही." सर म्हणाले, "मशीन तुमची. पोट्टे माहे." आणि त्यांनी आतल्या तिघांनाही नावानं हाका मारून बाहेर बोलावलं. सुजाताचा बाप त्याच मिलवर हमाल होता. त्यानं डोक्यावरचं पोतं खाली ठेवलं, उपरणं झटकलं आणि तोही पोरांच्या मागं चालता झाला. त्याला कुणी हाक मारली नव्हती.

ते सगळे रस्ता ओलांडून माझ्याकडं आले. मी पान्यांना हळदकुंकू वाहून नुकताच बसलो होतो. सर म्हणाले, "मिस्तरी, तुमचे चार अन् हे सहा, दहा पोट्टे मावतीन का?" मी म्हटलं, मावतील. सुजाता उन्हातून आलेली, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी आणि ते पडू द्यायचं नाही असा हट्ट. तिनं पाणी मागितलं. आणि माझा हात, माझा हा नालायक हात, आपोआप खिळ्याकडं गेला. एरवी पोरं आपापल्या हातानं पितळी गिलास घेत, त्यामुळं माझी लबाडी झाकून राहिली होती. आता सगळ्यांनी पाहिली. सर हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या. पयल्या दिवशी मीबी त्याच्यातच प्यालो." त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं... मी तो गिलास ऐरणीवर ठेवला आणि हातोड्यानं चपटा केला. चारच घाव लागले. फेकायला निघालो तर सरांनी अडवलं, म्हणाले, "फेकू नका, पत्रा कामाचा हाये." पोरांनी त्या पत्र्याचे नटाखाली घालायचे वायसर कापले. सुजाता मात्र पितळी गिलासानं पाणी प्याली आणि तो विसळून माठावर पालथा घातला.

संध्याकाळी भाऊसाहेबांचा माणूस आला. मिलचं इंजिन पाहिजे की शाळेची पोरं, एक काय ते ठरव. मिलचं इंजिन म्हणजे माझ्या घरची चूल होती, हे गावाला माहीत. मी सरांकडं गेलो, मनात असं की सर म्हणतील, मिस्तरी, तुमचं घर सांभाळा, पोरं दुसरीकडं नेतो. तसं काही ते म्हणाले नाहीत. "सहामाहीला अजून दोन महिने हायेत," इतकंच म्हणाले. मला तेव्हा फार राग आला. घरी हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "मंग तुमी गिलास कायले फोडला?" दुसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांना निरोप धाडला, की पोरं राहतील. ते दोन हंगाम आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. तिसऱ्या हंगामात तुरीच्या ऐन घाईत मिल बंद पडली, बाहेरच्या मिस्त्रीनं दोन गॅस्केट जाळली, आणि भाऊसाहेब स्वतः माझ्या दुकानात आले. मी म्हटलं, येतो, पण सुजाता सोबत येईल, आणि पुढच्या दारानं. ते मानेनं हो म्हणाले. हेडचे नट तिनं आवळले, समोरासमोर, तीन फेऱ्यांत. भाऊसाहेबांचं मन बदललं असं मी म्हणत नाही. त्यांचं काम अडलं होतं. सर म्हणाले, "मनाचं पुढं पाहू. पाय आत गेला ना?"

आता सर नाहीत. शाळेत शोकसभा झाली, तीत भाऊसाहेब उठले आणि म्हणाले, सरांच्या आठवणीसाठी मी शाळेत वर्कशॉपचं शेड बांधून देतो, दारावर माझ्या वडिलांचं नाव राहील, आणि मग पोरांना बाजारात दुकानोदुकानी हिंडायला नको. टाळ्या पडल्या. नवे हेडमास्तर हात जोडून उभे. त्या टाळ्यांत गुरुवार मरत होता, आणि सगळे त्याला आदरांजली म्हणत होते. मी उठलो. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. खिशातून करार काढला, तेलाचे डाग पडलेला, आणि वाचला. शाळेच्या भिंतीवर कुणाची पाटी लागणार नाही. उंबरठा एक, माठ एक, गिलास एक. म्हटलं, "शेड बांधा, कोणी नाई म्हनत नाई. पाटी नको. अन् पोट्टे बाजारातच येतीन, कारण बाजारानंबी अजून शिकायचं हाये." सुतार उठून माझ्या बाजूला उभा राहिला, मग शिंपी, मग सायकलवाला. नवे हेडमास्तर म्हणाले, विचार करू. मी म्हटलं, गुरुवारपर्यंत करा.

शेडाचं पुढं काय झालं मला माहीत नाही. तो गुरुवार आला. जेवणानंतर मी दुकानात बसून रस्त्याकडं पाहत होतो, काम सुचत नव्हतं. सुजाता आता वाशीमला मास्तरकीचं शिकते, ती त्या दिवशी मुद्दाम आली होती आणि फळीवरची मराठी वही पुसत होती. अडीच वाजले, पावणेतीन झाले... आणि शाळेच्या वळणावरून चार पोरं येताना दिसली, आठवीची, नवी, बुजलेली. चौथ्याला मी ओळखलं, भाऊसाहेबांचा नातू. बापानं पाठवलं की चोरून आला, मी विचारलं नाही. तहान लागली म्हणाला. माठापाशी गेला आणि पितळी गिलास उचलणार, तेवढ्यात थबकला, कारण नुकताच त्यातून सुजाता पाणी प्याली होती आणि त्यानं ते पाहिलं होतं. त्यानं आजूबाजूला पाहिलं. नजर भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यावर गेली.

मी म्हटलं, "बाळा, गिलास एकच हाये. पानी पे, अन् पाना हातात घे."