कमलाक्षीचा पंप
तमिळ किनाऱ्यावरच्या मल्लिपट्टणमच्या बंदरात होडीचं इंजिन तापलं की लोक अजूनही विचारतात, "वादिराज मेस्त्री कुठंय?" मेस्त्री तिथंच असतो, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. पण पाना धरते त्याची बायको. पक्षाघातानं त्याचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा पिढ्यानपिढ्या ओरत्तनाडूत राहिलेले त्याचे मराठी नातलग, सगळे शाळामास्तर नाहीतर बँकवाले, म्हणाले की आता तरी हे ग्रीसचं काम सोडा. कमलाक्षी म्हणाली, "सोडायचं कशाला? मी करते, तुम्ही सांगा." काय बाई आहे!

त्या दिवशी मासेमारीबंदी उठली होती. होडीवाल्या मुनियांडीची दोन्ही पोरं समुद्रावर निघायची होती, आणि नेमका त्याच्याच होडीचा पंप रुसला. हा पंप समुद्राचं पाणी ओढून इंजिन गार ठेवतो. तो भर समुद्रात बिघडला तर इंजिन जाम, होडी वाहत सरहद्दीपार, आणि पोरं परक्या तुरुंगात. मुनियांडीला बाईच्या हातचं काम नको होतं, पण दुसरा मेस्त्री मोकळा नव्हता.

कमलाक्षीनं पंपाचं झाकण काढलं. आतल्या रबरी पंख्याची तीन पाती तुटलेली. दोन तुकडे तिथंच मिळाले, तिसरा काही सापडेना.

"बसव की नवा पंखा!" मुनियांडी करवादला. "बाकीच्या होड्या निघाल्या."

"राहू दे गं," वादिराजही वैतागला. "गेला असेल पाण्याबरोबर वाहून."

"गेला असेल?" ती गर्रकन वळली. "अय्यो, हे तुम्ही म्हणता? स्वतःची पोरं असती तर म्हणाला असता?"

तिनं पुढचा पाइप सोडवला, मग त्याच्या पुढचा. मुनियांडीच्या तोंडाचा पट्टा चालू होता, पण ही ढिम्म. शेवटी इंजिन गार करणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी तो तुकडा अडकलेला सापडला. तो तिथंच राहिला असता तर नवा पंखा बसवूनही इंजिन तापलंच असतं. वादिराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि बायकोचा इतका अभिमान वाटला की डोळेच भरून आले.

तिनं साबण लावून नवा पंखा आत सरकवला, नवं पॅकिंग घातलं, झाकण आवळलं. तरी मुनियांडीची शंका फिटेना. "याच्या भरवशावर पोरं पाठवू?"

"आधी मला न्या," कमलाक्षी पदर खोचून होडीत चढली. "खोल पाण्यात, पूर्ण वेगानं."

जिला पट्टुक्कोट्टैच्या बसमध्येही लिंबू हुंगावं लागतं, ती! मुनियांडी तिला घेऊन निघाला आणि इकडे वादिराज खुर्चीतून होडीकडे बघत राहिला. जन्मभर दुसऱ्यांना 'खुशाल जा' म्हणणारा माणूस, आता त्याची पापणी लवेना. झाकणाचे स्क्रू सगळे आवळले ना तिनं? पॅकिंग नीट बसलं ना? विचारायचं राहूनच गेलं होतं.

होडी परतली तेव्हा कमलाक्षी कठड्यावर ओणवी झालेली, ओकून ओकून पांढरीफटक. बाजूच्या नळीतून मात्र इंजिन गार करून आलेल्या पाण्याची धार जोरात पडत होती. मुनियांडीनं हात देऊन तिला उतरवलं.

"भीती नाही वाटली?" वादिराजनं विचारलं.

"पंपाची कसली भीती?" तिनं तोंड पुसलं. "मेला समुद्रच तेवढा वाईट."

मुनियांडीनं इंजिनसुद्धा बंद केलं नाही. धक्क्यावर उभ्या असलेल्या पोरांकडे वळून तो ओरडला, "बघता काय? चढा!"