एस्टिल रॅटलिफचा बिघडलेला पाव

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी बकआय खोऱ्यात कुणालाही विचारलं असतं की मक्याचा पाव सगळ्यात वाईट कोण करतं, तर उत्तर एकच आलं असतं. एस्टिल रॅटलिफ. त्याची शेजारीण ऑर्फा हिनं तर चर्चच्या पायरीवर उभं राहून सांगितलं होतं की एस्टिलनं दिलेला तुकडा तिनं कोंबड्यांपुढे टाकला आणि कोंबड्यांनी अशा काही नजरेनं वर पाहिलं की तिलाच ओशाळल्यासारखं झालं. सगळे हसले. एस्टिलही हसला, टोपी सारखी केली आणि घराकडे चालू लागला. घरी बायको वाट पाहत होती.

खरं म्हणजे म्हातारा होईपर्यंत त्यानं पाव कधी केलाच नव्हता. उभी हयात कोळशाच्या खाणीत गेली. संध्याकाळी घरी यायचं, बूट काढायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि डेल्फिया ओव्हनमधून बिडाचा खोलगट तवा काढून ताटात उपडा करते त्याची वाट बघत बसायचं. पावाची खालची बाजू वर यायची, तांबूस, खरपूस, कडेला कुरकुरीत. वर लोण्याचा गोळा, शेजारी शिजवलेला घेवडा. एवढ्यावर त्या दोघांचा संसार सुखात झाला.

स्वयंपाकघरात मात्र त्याला फारशी मुभा नव्हती. तवा डेल्फियाच्या आईचा, तिच्याही आधी आजीचा. पिढ्यान् पिढ्या चरबी मुरून तो आतून काळ्या आरशासारखा झाला होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एस्टिलनं नव्या नवरेपणाच्या उत्साहात तो साबण लावून घासला आणि चकचकीत करून बायकोपुढे धरला.

"खाणीत काय फोडायचं ते फोड," डेल्फिया म्हणाली, "पण पुन्हा माझ्या तव्याला हात लावलास तर याद राख!"

त्यानंतर रविवार येईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नव्हती.

हे सगळं एस्टिलला आता आठवायचं, कारण त्या अबोल्याला निदान रविवार होता. या अबोल्याला शेवटच दिसत नव्हता. ऐन उन्हाळ्यात, मागच्या ओसरीवर घेवड्याच्या शेंगा मोडत असताना डेल्फिया खुर्चीतून खाली कोसळली. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आणली, पुढच्या खोलीत लोखंडी पलंग मांडला, पण बाई खाईना. शेजारणींनी रीतीप्रमाणे भांडी भरून पाठवली. प्रत्येक भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी, म्हणजे परत करताना घोळ नको. रश्श्यात उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांचे डंपलिंग आले, बटाटे आले, भोपळा आला. चमचा ओठांशी नेला की डेल्फिया मान भिंतीकडे वळवायची.

ऑर्फानं पाव आणला तेव्हाही तेच. आता ऑर्फाच्या पावाची गोष्ट अशी की तिची आई नदीपलीकडची, ओहायोची, आणि त्या घरात पावाला साखर घालायची खोड, जी खोऱ्यात पाप समजली जायची. ऑर्फा कधी कबूल करायची नाही, पण खोऱ्यातलं शेंबडं पोरही ते जाणून होतं.

"जेवणाच्या वेळी केक नको म्हणतेय ती," एस्टिल म्हणाला.

"केक म्हणणाऱ्याची जीभ झडो!" ऑर्फा म्हणाली आणि दाराबाहेर जाऊन पदराआड नाही तरी हाताआड रडली. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी होत्या.

मुलगी रेनिटा डेटनहून आली. ती तिकडे शहरात नवऱ्याबरोबर राहायची. दोन दिवस आईला भरवायचा प्रयत्न करून दमली आणि मग बापाला ओसरीवर घेऊन गेली.

"डॅडी, हे असं चालायचं नाही. तुम्हाला स्वतःचा खोकला आवरत नाही. माझ्या घराजवळ एक जागा आहे, तिथं चोवीस तास नर्स असतात."

"ती खोऱ्याबाहेर जगायची नाही, रेनिटा."

"आणि इथं? इथं ती उपाशी मरतेय. तुमच्या डोळ्यांदेखत." रेनिटाचा आवाज फुटला. "मी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला येते. तोवर ती खायला लागली, बोलायला लागली, तर राहू दे. नाहीतर मी तिला नेणार."

पोरीचं काही चुकत नव्हतं. तिची गाडी वळणाआड गेल्यावर तो स्वयंपाकघरात गेला आणि खिळ्यावरचा तवा त्यानं खाली घेतला. आयुष्यात दुसऱ्यांदा.

मक्याचं पांढरं पीठ, घट्ट ताक, अंडं, खायचा सोडा. काय लागतं ते त्याला येता-जाता बघून ठाऊक होतं, कसं करतात ते नव्हतं. त्यानं सगळं कालवलं आणि थंड तव्यात ओतलं. त्याच क्षणी पुढच्या खोलीतून आवाज आला. ठक, ठक, ठक. डेल्फिया डाव्या हातातली अंगठी पलंगाच्या दांडीवर आपटत होती.

तो धावला. "काय गं? पाणी? उशी सरकली?"

ती रागानं लाल झाली होती. पाणी नको, उशी नको. पाव तव्याला असा चिकटला की उचटण्यानं खरवडून काढावा लागला. तो भुगा घेऊन एस्टिल तिच्यापुढे गेला, तर मांजरानं उंबऱ्यात आणून टाकलेल्या उंदराकडे बघावं तसं तिनं त्याकडे बघितलं आणि मान वळवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पीठ तव्यात पडलं रे पडलं की ठक, ठक, ठक. एस्टिल हातात रिकामं वाडगं घेऊन तिथंच थांबला. पीठ ओततानाच का? स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये दारही नव्हतं. तिला तिथून दिसत काहीच नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ती काही मागत नव्हती. एक आवाज यायला हवा होता आणि तो आला नव्हता. इतकी वर्षं तो रोज बूट काढताना तो आवाज ऐकत आला होता, आणि आपण तो ऐकतो आहोत हेही त्याला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं चुलीशेजारच्या डब्यातली बेकनची चरबी तव्यात घातली आणि तवा रिकामाच ओव्हनमध्ये ठेवला. धूर दिसू लागला तेव्हा बाहेर काढला आणि पीठ ओतलं.

चर्रर्र!

अंगठी वाजली नाही. एस्टिलनं हळूच डोकावून पाहिलं. डेल्फिया डोळे मिटून पडली होती आणि चेहऱ्याच्या धड बाजूवरचा राग निवळला होता. पाव सुटला, अख्खा, तांबूस. तिला गिळायला त्रास होतो म्हणून त्यानं तो पेल्यात कुस्करला, वर ताक घातलं, चांगला मऊ होऊ दिला आणि चमचा पुढे केला. तिनं तोंड उघडलं.

एक चमचा गेला. दुसरा गेला. मग तिच्या कपाळावर आठी आली, ओठ वेडेवाकडे हलायला लागले, जणू आत कुणीतरी गंजलेली कडी काढत होतं.

"मी... मीठ."

एस्टिलच्या हातातला चमचा पांघरुणावर पडला. मीठ! तो साफ विसरला होता. म्हातारा तसाच ओसरीवर पळाला आणि कुंपणापलीकडे ओरडला, "ऑर्फा! बोलली! डेल्फी बोलली!"

"देवा रे! काय म्हणाली?"

"मीठ!"

ऑर्फानं आभाळाकडे हात जोडले. मग जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे तू पावात मीठ घातलं नाहीस?"

एस्टिलची बदनामी सुरू झाली ती त्या दिवसापासून.

पुढच्या दिवशी त्यानं मीठ मोजून घातलं, तवा तापवला, काही म्हणता काही सोडलं नाही. पाव असा झाला की त्यालाच स्वतःचा अभिमान वाटला. डेल्फियानं पेला संपवला आणि झोपून गेली. एक अक्षर बोलली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आठवड्याला एकदा बोलायला शिकवणारी एक तरुण बाई तालुक्याच्या गावाहून यायची, तिला त्यानं गाऱ्हाणं सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"रॅटलिफकाका, काकूंनी मागायच्या आत तुम्ही सगळं हातात देता. मग त्या तोंड कशाला उघडतील? जरा अडू द्या त्यांचं."

एस्टिलनं रात्री पडल्या पडल्या यावर विचार केला आणि सकाळी उठून सोडा घातला नाही. पाव छपराच्या कौलासारखा चपटा झाला.

"सो... सोडा," डेल्फिया संतापून म्हणाली.

"अरेच्चा! विसरलोच की! म्हातारपण, दुसरं काय."

मग त्याला ते व्यसनच लागलं. एक दिवस तवा थंड, एक दिवस ताकाऐवजी पाणी, एक दिवस अंडं नाही. दर वेळी एक नवा शब्द, आणि रागाच्या भरात आलेले शब्द कसे सणसणीत यायचे! "करपला." "कच्चा." "गाढवा!" 'गाढवा' ऐकलं त्या दिवशी एस्टिल मागच्या ओसरीवर जाऊन पोटभर रडला, आनंदानं. उरलेला पाव तो शेजारीपाजारी वाटायचा, टाकवत नव्हता म्हणून. लोक कीव करायचे. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

पण मक्याच्या पावात विसरायला जिन्नस ते किती? एक दिवस विसरण्यासारखं काही उरलंच नाही. एस्टिलनं बराच वेळ फडताळासमोर उभं राहून विचार केला, इकडे तिकडे पाहिलं आणि पिठात मूठभर साखर टाकली. स्वतःच्या आईच्या आत्म्याची मनातल्या मनात माफी मागितली.

डेल्फियानं घास घेतला आणि ती थांबली. नेहमीसारखी भडकली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पाहतच राहिली. मग म्हणाली, "साखर," आणि तिच्या तोंडाचा डावा कोपरा किंचित वर गेला.

"साखर? हात्तेच्या! मी मिठाचा डबा समजून..."

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा मीठ विसरू लागला, आणि ती पुन्हा सांगू लागली.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी रेनिटा आली. आईचे गाल भरलेले बघून तिला बरं वाटलं, पण घरात शिरण्याआधी ती कुंपणाशी ऑर्फाला भेटली होती. एस्टिलनं मनाशी ठरवलं होतं की आज पोरीसमोर डेल्फीला बोलतं करायचं. म्हणून त्यानं मीठही गाळलं आणि सोडाही. दोन शब्द तरी येतील.

डेल्फियानं पेल्यातला पाव शांतपणे खाल्ला आणि काहीही बोलली नाही.

"कसा झालाय, डेल्फी?" एस्टिलनं विचारलं. "काही कमी वाटतंय का?"

ती गप्प. रेनिटानं स्वतःच्या ताटातला तुकडा तोडला, तोंडात घातला आणि तिचं तोंड कसनुसं झालं.

"डॅडी, हे तुम्ही तिला रोज देता? ऑर्फामावशी म्हणाली तेव्हा मला वाटलं नेहमीची चेष्टा करतेय." तिनं ताट बाजूला ठेवलं. "तुम्ही जीव टाकताय, मला कळतं. पण तुमच्यानं साधा पाव होत नाही. मग तिची औषधं, तिचं उठणं-बसणं, उद्या रात्री-अपरात्री काही झालं तर? मला आता तिला न्यायलाच हवं."

खरं सांगावं तर डेल्फीला डाव कळणार आणि पुन्हा ती गप्प बसणार. न सांगावं तर तिची बॅग भरली जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. आपणच आपल्या हातानं तिला घालवली, असं त्याला वाटलं. तो खुर्चीत बसला.

ठक, ठक, ठक.

दोघांनी वळून पाहिलं. डेल्फिया उशीवरून वर सरकायची धडपड करत होती.

"तो," ती म्हणाली. "मुद्दाम. करतो."

"मुद्दाम?" रेनिटाला कळेना. "वाईट पाव मुद्दाम कशाला करतील, ममा?"

"मी... बोलावं. म्हणून."

एस्टिलनं खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"तुला ठाऊक होतं? कधीपासून?"

डेल्फियाच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला.

"साखर," ती म्हणाली.

एस्टिलनं कपाळावर हात मारला. बरोबरच होतं. बकआय खोऱ्यात जन्मलेला माणूस मीठ विसरेल, सोडा विसरेल, वेळ आली तर स्वतःचं नावही विसरेल. पण मक्याच्या पावात त्याच्या हातून साखर चुकून पडायची नाही. म्हणजे त्या दिवसापासून ती सगळं ओळखून होती. आणि तरी रोज घास घेऊन, जिभेशी झगडून, तिनं त्याला हवा असलेला शब्द काढून दिला होता. तो तिला बोलतं करतोय असं त्याला वाटत होतं, आणि ती मात्र त्याचं मन राखण्यासाठी बोलत होती.

"मग आज का गप्प बसलीस, बाई?" तो रडवेला होऊन म्हणाला. "आजच?"

"दोन," डेल्फियानं डाव्या हाताची दोन बोटं वर केली. "मीठ. सोडा. अति... केलंस."

रेनिटा हसायला लागली, आणि हसता हसता आईच्या कुशीत डोकं घालून लहान पोरीसारखी रडली. डेल्फियानं डाव्या हातानं तिचे केस कुरवाळले, आणि न्यायची गोष्ट रेनिटानं पुन्हा काढली नाही. मग तिनं नवऱ्याकडे पाहून स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"जा. आता... नीट."

एस्टिल उठला. त्यानं तवा पुसला, चरबी घातली, ओव्हनमध्ये ठेवला आणि पीठ कालवायला घेतलं. पुढच्या खोलीत आवाज नव्हता. मायलेकी दोघी ऐकत होत्या. तव्यातून धूर निघाला तेव्हा त्यानं तो बाहेर काढला आणि पीठ ओतलं. चर्रर्र झालं, घरभर झालं. अंगठी वाजली नाही.

"मीठ?" आतून डेल्फियानं विचारलं.

"घातलंय!" एस्टिल ओरडला.