जावयाच्या गाडीचा तिसरा गिअर

आमच्या घरात जावयाला कधी नाही म्हणत नाहीत. नणंदेच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचा मुलगा मिशी फुटून ड्रायव्हर झाला, तरी धुळ्याहून दाजी यायचे म्हटलं की माझे सासरे, म्हणजे आबा, दाढी करून ओट्यावर बसतात. अधिक महिन्यात तर विचारूच नका. धोंड्याचं जेवण, अनारसे, दिवा, नवे कपडे. लोक जावयाला दहावा ग्रह म्हणतात. आमच्याकडे उरलेले नऊ त्याच्या मागे उभे असतात.

गेल्या अधिक महिन्यात दाजी एरंडोलला आमच्या घरी जेवायला आले, ते स्वतःचा ट्रक घेऊनच. गाडी त्यांनी आधी कुणाकडून तरी जुनीच घेतली होती. आता त्यांना नवी घ्यायची होती आणि ही आमच्या ह्यांना द्यायची होती. हे म्हणजे माझा नवरा. जन्मभर व्यापाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. केळी भरायची, सेंधव्याचा घाट चढायचा, उतरायचा, इंदूरला खाली करून परत यायचं. स्वतःची गाडी हे त्यांचं एकच वेड. कुठेही ट्रक उभा दिसला की आधी टायर बघतात, मग माणूस.

तेव्हा घरात आनंद असायला हवा होता, आणि होताही. फक्त एक गोष्ट कुणी करत नव्हतं. गाडी तपासत नव्हतं. शेजारच्या गल्लीत गाड्यांचा मिस्त्री राहतो, त्याला नुसती हाक मारायची होती. मी तसं म्हटलं तर माझ्या सासूने, अक्कांनी, माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाहुण्याचे खिसे तपासायला सांगत होते.

"जवाईना हातनी वस्तू शे," त्या म्हणाल्या. "तिले नाव ठेवनं बरं नही."

नाव कोण ठेवतंय? बाजारात वांगी घेताना अक्का एकेक वांगं उलटंपालटं करून बघतात, देठाशी कीड आहे का पाहतात, वांगीवाल्याचा जीव नकोसा करतात. आणि ज्या गाडीवर त्यांचा मुलगा दहा टन माल घेऊन डोंगर उतरणार, ती न बघता घ्यायची, कारण ती जावयाची!

सकाळी आधी पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला जायचं ठरलं. दाजी म्हणाले, गाडी दारात आहे, तिच्यातूनच जाऊ. पुरुष मागे उभे राहिले. अक्का, नणंद आणि मी केबिनमध्ये. मला कुणी बघायला बसवलं नव्हतं, मी वांत्या करते म्हणून पुढे बसवलं होतं. पण लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं मी ह्यांच्याबरोबर गाडीवर फिरलेली आहे. व्यापारी रागवायचा, तरी हे मला न्यायचे. गाडी कधी सुखाने चालते आणि कधी कुरकुरते, एवढं मला कळतं. ते कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

जाताना काही झालं नाही. दर्शन घेऊन उतरताना दाजींनी तिसरा गिअर टाकला आणि लगेच डावा गुडघा गिअरच्या दांड्याला लावला. सीटखालून मोटरसायकलच्या ट्यूबची एक पट्टी वर आली होती, तिचा फास त्यांनी बोलता बोलता दांड्यावर चढवला. अक्कांना प्रसादाचा नारळ कुणाकुणाला वाटायचा याची काळजी, त्यांचं लक्षच नव्हतं.

"दाजी, गुडघा काबरं टेकी ऱ्हायनात?" मी विचारलं.

"सवय शे, वहिनी. डायवरले सवय पडी जास."

तेवढ्यात रस्त्यात एक शेळी आडवी आली. दाजींनी ब्रेक दाबला, गुडघा हलला, आणि ट्यूबच्या पट्टीसकट गिअर सुटून दांडा खाडकन मधे आला. इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला आणि गाडी मोकळी सुटल्यासारखी पुढे निघाली. रिकामी गाडी, छोटा उतार. दाजींनी ब्रेकवर उभं राहून ती आवरली, पुन्हा गिअर टाकला, आणि हसून म्हणाले, "गाडी म्हंजे सोनं शे, वहिनी. डोया झाकीसन ल्या."

डोळे झाकूनच घ्यावी लागेल, उघडे ठेवले तर कोण घेईल!

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भरलेली गाडी घाट उतरते ती नुसत्या ब्रेकवर नाही. ती खालच्या गिअरमध्ये ठेवतात, म्हणजे इंजिनच तिला धरून ठेवतं. गिअर सुटला की सगळं वजन ब्रेकवर येतं, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक लागत नाहीत. सेंधव्याच्या घाटात दरीच्या बाजूचे कठडे उगीच तुटलेले नसतात.

घरी आल्यावर मी ह्यांना गोठ्यामागे गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ऐकून हादरतील. हे खाली बघत म्हणाले, "माले म्हाईत शे."

"म्हाईत शे?"

"गाडी दारमा लावताना आवाज ऐका मी."

"मंग बोलतस काबरं नही?"

"दाजीले कसं म्हनू? अक्काले काय वाटी?"

मला अक्षरशः हात उचलावासा वाटला. आबांनाही शंका होती, हेही ह्यांनीच तेव्हा सांगितलं. म्हणजे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, बापाला माहीत, आणि सगळे मिळून हळदीकुंकू लावून ती गाडी दारात उभी करणार. आपलेच दात आपलेच ओठ म्हणे! दात ओठ चावतात तेव्हा रक्त ओठांतूनच येतं, ते कुणी सांगत नाही. भीड भिकेची बहीण, असं आमची आजी म्हणायची. इथे भीक परवडली असती.

स्वयंपाकघरात नणंद माझ्याबरोबर खापरावर मांडे टाकायला बसली. मांडा हातावर मोठा करत करत ती आपल्या मुलाचं कौतुक सांगत होती. ती मनाने साधी आहे, तिच्या पोटात काही राहत नाही. म्हणाली, "पोरगा लई मांगे लागस, माले इंदूरले जाऊ द्या म्हनस. पन हे त्याले हाई गाडी घाटमा नेऊ देतस नही. तू म्हातारी गाडीले हात लावू नको म्हनतस."

माझ्या हातातला मांडा खापरावर वेडावाकडा पडला. तिला मात्र आपण काय बोललो ते कळलंच नाही. तिने तो सरळ केला आणि भाजीचं विचारू लागली.

ताटं वाढली. दाजींच्या ताटाभोवती रांगोळी, समोर दिवा, तूप वाढायला मी. आबा म्हणाले, पाडव्याला नारळ फोडू, अधिक महिन्यात गाडी घेत नाहीत, आज फक्त शब्द देऊ. शब्द! म्हणजे पुढे काही बोलायची सोयच नाही. ह्यांनी मान हलवली. मी तुपाचं भांडं खाली ठेवलं.

"दाजी," मी म्हटलं, "जी गाडी तुमना पोरगाले घाटमा देतस नही, ती मना नवराले कसाले देतस?"

कुणाच्याही हातातला घास तोंडात गेला नाही. अक्का "वं माय!" एवढंच म्हणाल्या. नणंदेचा चेहरा पांढरा पडला. दाजींनी मांड्याचा तुकडा ताटात ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि उठले. जावई धोंड्याच्या ताटावरून उठला! आबा त्यांच्या मागे दारापर्यंत गेले, हात जोडले. कुणाला वाटलं नाही की माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. आजपर्यंत कुणी दिलेलं नाही.

गाडी घेतली गेली नाही. पण घरात मी हरले. अक्का माझ्या हातचा चहा घेईनात. भावकीतल्या बायका हळदीकुंकवाला माझ्याकडे बघून कुजबुजायच्या, हीच ती, हिने जावयाला उपाशी घालवला. हे तर आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलायचे. माणूस जिवंत आहे, रोज घरी येतो, भाकरी मागतो, आणि ज्या बाईने त्याला जिवंत ठेवलं तिच्यावर रुसतो! मी स्पष्ट सांगते, मला त्या दिवसाचा पश्चात्ताप नाही. फक्त राग आहे, आणि तो लिहिताना अजून गरम आहे.

दिवाळीनंतर नणंदेचा फोन आला. दाजींनी गाडी विकली, साक्रीकडच्या एका माणसाला. डोंगरातल्या गावचा आहे, पहिलीच गाडी. कांदा भरून कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेकडे जाणार म्हणे. अक्का म्हणाल्या, सुटलो बाई. आबांनी देवाला हात जोडले.

मी दाजींना स्वतः फोन लावला. विचारलं, त्याला गिअरचं सांगितलं का?

दाजी अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, तो काय आपला सोयरा शे का?"

मी फोन ठेवला. सोयरा असला तर तोंड उघडायचं नाही, कारण सोयरा. परका असला तर सांगायचं नाही, कारण परका. मग या मुलखात खरं बोलायचं तरी कुणाशी? हे समोर बसून ऐकत होते. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. त्या माणसालाही बायको असेल, म्हटलं, तिला केबिनमध्ये कुणी बसवलं नसेल.

हे उठून अंगणात गेले आणि दोन-तीन ड्रायव्हरांना फोन लावून साक्रीच्या त्या माणसाचा नंबर काढला. मग माझ्यासमोर येऊन बसले आणि नंबर फिरवला.

"भाऊ, तुम्ही जी गाडी लिधी नं, तिना तिसरा गिअर सुटस. गिअरबॉक्स खोलाशिवाय घाटमा नेऊ नका. विकनारले पहिलेपासून म्हाईत व्हतं."

मग त्या माणसाने विचारलं, तुम्ही कोण?

ह्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. अक्का दारात येऊन उभ्या होत्या.

"मी?" हे म्हणाले. "मी त्यास्ना सख्खा साला शे."