साखळीमागची कमल

समोरच्या कमलने आज दार उघडलं, ते साखळी लावूनच. फटीत तिचा एक डोळा दिसला. खऱ्या खुनांच्या डॉक्युमेंट्री बघ म्हणून मीच तिच्या मागे लागले होते. मी त्या बघून घोरत झोपते. ती एकटी राहते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्याला आवडलेलं दुसऱ्याच्या घरात जाऊन काय करेल, सांगता येत नाही.

मग त्यावर उतारा म्हणून घरी जाऊन नातीची जादूगार-राक्षसांची कादंबरी तिच्यासाठी आणली. जाडजूड पुस्तक फटीतून जाईना.

"साखळी काढ की गं, मीच आहे."

"ते दिसतंय. कालच्या भागात शेजारणीनंच मारलं. पायपुसण्यावर ठेव आणि जा."

ठेवलं. तेव्हापासून सारखी दाराशी जाऊन बघतेय. पुस्तक अजून बाहेरच आहे.