खंडेनवमीला बंद झालेला फ्रीज

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, खंडेनवमीच्या संध्याकाळी, रबाळ्यातल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेतला फ्रीज पूजेसाठी बंद करण्यात आला. दसरा उलटून कारखाना उघडला तेव्हा तो पुन्हा सुरू झाला.

वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी तेव्हा त्या कारखान्याचं गृहपत्रक काढत होतो. फ्रीजमध्ये लडाखच्या हिमनदीजवळच्या मातीतून वाढवलेले जिवाणू होते. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मॅडमच्या लष्करातल्या दिराने ती माती थर्मासमधून आणली होती. हे जिवाणू थंडीतच जगत. काचेच्या बशीत त्यांच्याभोवती पू करणारे जंतू वाढत नसत. स्वच्छ कडं राहायचं. हे ज्यामुळे होतं, ते द्रव्य मॅडमना दिवाळीपर्यंत वेगळं काढून दाखवायचं होतं. नाहीतर विभाग बंद. त्यांनी दुसरा फ्रीज मागितला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी विचारलं होतं, "एकात मावतंय ना?" मावत होतं.

पूजेचा नियम साहेबांचाच. पूर्वी एकदा झेंडूचा हार चालू मशीनच्या पट्ट्यात गेला होता. तेव्हापासून हार घालण्याआधी मेन स्विच खाली, आणि मशीनलाही सण असतो म्हणून दसरा होईपर्यंत तो खालीच. नियमात खोट काढायला जागा नव्हती. मॅडम माहेरी सांगलीला गेल्या होत्या. फ्रीजला कुंकू लागलं, हार चढला, पेढे वाटले गेले.

मॅडम परतल्या. नळ्यांतले जिवाणू त्यांनी नव्या बशांवर घातले. काहीच उगवलं नाही.

"टेन्शन घेऊ नका, मॅडम," साहेब म्हणाले. "लडाखची थंडी सोसली त्यांनी. इथं काय होणार?"

"थंडी सोसत नव्हते, साहेब. थंडीतच राहत होते. इथला ऑक्टोबर नाही सोसला."

"एवढ्या नाजूक जंतूंचं औषध माणसाला काय लागू पडणार?"

हा प्रश्न साहेबांनी वरच्या बैठकीतही विचारला. तिथे तो सर्वांना पटला.

"परत मागवा की माती दिराकडून," साहेबांनी सुचवलं.

"त्यांची जोधपूरला बदली झाली."

"मग वाळू मागवा. जंतू तिथंही असतीलच."

दिवाळीनंतर विभाग बंद झाला. मॅडमना खोकल्याच्या औषधाच्या तपासणीवर नेमण्यात आलं. फ्रीज कँटीनमध्ये गेला. पुढच्या खंडेनवमीलाही त्याला हार घालण्यात आला. कारखान्याचा मेन स्विच खाली होता. कँटीनची वीज मात्र साहेबांच्या सांगण्यावरून चालू ठेवली होती. फ्रीजमध्ये दसऱ्याचं श्रीखंड होतं.